माझ्या भावाला इंग्रजी वाचता येत नव्हतं

टूवूंबा
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

यतिन,

आशीर्वाद लिहायची जागा वर कोरी सोडली आहे. विसरलो नाही. एक ओळ मोजून सोडली आहे.

तुझं गेल्या बुधवारचं भाषण वाचलं. तुमच्या विधानसभेत बोललेला शब्दन्‌शब्द हॅन्सार्डमध्ये छापून येतो आणि ते हॅन्सार्ड कोणालाही वाचता येतं, अगदी टूवूंबातल्या फिटरलासुद्धा. मी ते लायब्ररीत छापून घेतलं आणि लाल पेन घेऊन बसलो. एकोणीस मिनिटांच्या भाषणात चार मिनिटं तू माझ्यावर बोललास. चार मिनिटांत सहा चुका आहेत.

माझा अपघात शेतावर झाला नाही. शेतीची यंत्रं दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये, हायड्रॉलिक प्रेसवर झाला. साल २००८ नाही, २००९, मार्च. मी मजूर नव्हतो, फिटर होतो, व्हिसावर तसं लिहिलेलं होतं. मी 'हात गमावला' नाही. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही पहिल्या पेरापर्यंत गेली. बाकीचा हात माझ्याकडेच आहे, त्यानेच आत्ता हा कागद दाबून धरलाय. आणि अण्णा शाळेत शिपाई नव्हते. सातपूरच्या शाळेत ते प्रयोगशाळा सहायक होते. बापाला शिपाई केल्याने भाषणाला उंची येते असं तुला कोणी सांगितलं?

ह्या पाच चुका मी सोडून दिल्या असत्या. सहावी सोडत नाही. तू म्हणालास, "माझ्या भावाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याची रोजीरोटी काढून घेणारं पत्र मी त्याला वाचून दाखवलं."

यतिन, मी दहावीनंतर शाळा पाहिली नाही. पण २००६ साली इथे उतरलो तेव्हा बॅगेत दोन पँट आणि एक डिक्शनरी होती. पहिल्या वर्षी मी डबा खाता खाता मशीनची मॅन्युअलं वाचली. दुसऱ्या वर्षी लायब्ररीतून पेपर, तिसऱ्या वर्षी कायदा. अपघातानंतर कामगार भरपाईचा अख्खा कायदा मी छापून, भोकं पाडून फाइलला लावला होता. तू तेव्हा ब्रिस्बेनला नुकता वकील झाला होतास आणि त्या फाइलमधली कलमं मला फोन करून विचारायचास. मला!

दोन वर्षांपूर्वी तुझ्या पहिल्या भाषणाला मी आणि तुझी वहिनी अस्मिता गॅलरीत बसलो होतो. तेव्हा तू म्हणालास, "ज्या भावाला शिकायची संधी मिळाली नाही." ते खरं होतं, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. नंतर चहाच्या वेळी तू तुझ्या लोकांना हळूच सांगितलंस, "स्पीक स्लोली, ही इज अ बिट शाय." ते मी ऐकलं. त्यानंतर आपण बोललेलो नाही. दिवाळीला तुझ्या विनीताच्या फोनवरून झालेली हाय-हॅलो मी मोजत नाही.

आता मात्र गोष्ट माझ्या अपमानाची राहिलेली नाही. तू विधेयक आणलंस: ज्याला दुभाषी लागतो त्या कामगाराने ट्रायब्युनलपुढे स्वतः अर्ज करायचा नाही, वकिलामार्फतच करायचा. आणि त्याला पुरावा म्हणून माझं नाव. अजित खैरनारला वाचता येत नव्हतं, म्हणून ह्यापुढे कोणीच स्वतःचं स्वतः लिहायचं नाही. मी दर शनिवारी सकाळी शॉपिंग सेंटरच्या टेबलावर सरकारने नेमलेला जे.पी. म्हणून बसतो, लोकांच्या प्रतिज्ञापत्रांवर साक्षीची सही करतो. त्यांतले निम्मे लोक मोडक्या इंग्रजीत स्वतः लिहून आणतात. मी ते वाचतो, मला कळतं. तुमच्या दक्षिणेतल्या राज्यात आज जे होतं ते आमच्या राज्यात दोन वर्षांनी येतं, म्हणून मला झोंबलं.

तुझ्या विधेयकावर लोकांनी समितीकडे लेखी म्हणणं द्यायची शेवटची तारीख शुक्रवार, १९ सप्टेंबर आहे. त्याच्या आत सभागृहात उभा राहा आणि ते वाक्य मागे घे. एवढंच मागतो.

अजित रामराव खैरनार

*

टूवूंबा
रविवार, २४ ऑगस्ट

यतिन,

तुझ्या ऑफिसचं उत्तर मिळालं. "प्रिय श्री. खैरनार, माननीय यतिन खैरनार यांना पत्र लिहिल्याबद्दल आभार. आपण त्यांच्या मतदारसंघात राहत नसल्याने कृपया आपल्या स्थानिक आमदाराशी संपर्क साधावा." खाली कोणा अनुष्काची सही. आडनाव वाचूनही त्या पोरीला शंका आली नाही, म्हणजे घरी भाऊ आहे हे तू ऑफिसात कधी बोललेलाच नाहीस. बोलतोस ते फक्त माइकवर.

आणि त्याच दिवशी तुझा मेसेज. "दादा चिल. इट्स जस्ट अ स्टोरी. कॉल करतो." कॉल करू नकोस. फोनवर तू वकील होतोस आणि मी धाकट्यासमोर गप्प बसणारा थोरला होतो. कागदावर तसं होत नाही, म्हणून लिहितोय.

तुझ्या वेबसाइटवर 'माझा प्रवास' नावाचं पान आहे. ब्रिस्बेनची युनिव्हर्सिटी, मग 'जिने मला घडवलं ती पहिली केस', मग इप्सविचची नोकरी, कॅसल हिलला स्वतःचं ऑफिस, कौन्सिलर, आमदार. सगळी शिडी त्या पहिल्या केसवर टेकलेली आहे. ती केस कशी जिंकली, ते लिहितो, कारण बघायला दोघंच होतो.

विमा कंपनीचं म्हणणं, प्रेसचं गार्ड, हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळी, मी स्वतःच त्या सकाळी काढलं होतं, म्हणून दोष माझा. मी सहा फोटो काढले होते. गार्ड ज्या बोल्टांनी बसतं त्यांच्या भोकांत रंग होता. यंत्राला शेवटचा रंग २००५ साली दिलेला, तसा वर्कशॉपच्या वहीतला शेरा. गार्ड बसलेलं असतं तर भोकांत रंग गेलाच नसता. म्हणजे मी ह्या देशात यायच्या आधीपासून गार्ड नव्हतं. ही गोष्ट तुला सुचली नव्हती. मी अकरा पानं लिहिली, माझ्या इंग्रजीत, फोटोंना नंबर देऊन. तू त्यातले 'द' आणि 'अ' दुरुस्त केलेस, वर तुझं लेटरहेड लावलंस आणि ट्रायब्युनलपुढे उभं राहून वाचलंस. चांगलं वाचलंस, तेवढं मान्य आहे.

मी शेजारी बसून माझीच वाक्यं दुभाषीकडून मराठीत ऐकत होतो. चित्रलेखाबाई आठवतात? ब्रिस्बेनहून आलेल्या, मोठं कुंकू, पर्समध्ये आवळासुपारी. त्या बोल्टला सारखं 'खिळा' म्हणत होत्या. तिसऱ्या खेपेला मला राहवलं नाही, मी ओरडलो, "बोल्ट! एम ट्वेल्व्ह!" समोरचा ट्रायब्युनलचा मेंबर चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागला. तू टेबलाखालून माझ्या बुटावर बूट दाबलास. चित्रलेखाबाई मला मराठीत म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच करता का माझं काम?"

बाहेर आल्यावर आपण दोघं पार्किंगमध्ये हसून हसून गाडीला टेकलो होतो. ते आठवलं आणि अजून राग आला.

म्हणून सांगतो, ती अकरा पानं माझी आहेत. हॅन्सार्डमध्ये तसं सांग. उशीर का झाला होता वगैरे बाकीचा विषय वेगळा आहे, त्यात जायची गरज नाही.

अजित

*

टूवूंबा
रविवार, ७ सप्टेंबर

यतिन,

आज इथला फादर्स डे. निहारिका स्प्रिंगफील्ड लेक्सहून गाडी घेऊन आली. यंदा तिचं लॉचं दुसरं वर्ष आहे, माहीत नसेल तर सांगतो. माझ्या दोन्ही पत्रांचे तिनेच फोनवर फोटो काढून ठेवले होते, मी प्रत ठेवतो म्हणून. आज जेवताना ती म्हणाली, "बाबा, इफ यू रोट ऑल दॅट, व्हाय डिड यू नीड अ दुभाषी?"

अस्मिताने भाजीचा चमचा खाली ठेवला. मी म्हणालो, "तेव्हा पद्धत होती." निहारिका म्हणाली, "नो, इट वॉझन्ट."

वकील एकाच घरात दोन नकोत.

मागच्या पत्रात मी लिहिलं, उशिराचा विषय वेगळा आहे. वेगळा नाही. तोच विषय आहे. तू हे कोणाला सांगितलं नाहीस, मीही नाही. आता लिहितो, तारखांसकट.

विमा कंपनीचा नकार आला ११ जून २००९ ला. दाद मागायची मुदत तीन महिने, ११ सप्टेंबर. माझी अकरा पानं ६ सप्टेंबरला पूर्ण झाली. लिफाफा बंद केला, तिकिटं लावली. संध्याकाळी आईचा फोन. म्हणाली, "कालपासून पंधरवडा लागलाय रे. पितरांच्या दिवसांत असलं काही सुरू करू नये. अण्णांचं पान होऊ दे, घट बसले की टाक." मी तिला म्हणालो, हो.

मी काही भोळा नव्हतो, यतिन. मी कलम वाचलं होतं: योग्य कारण असेल तर ट्रायब्युनल मुदत वाढवून देतं. मला वाटलं, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. दोन बोटं गेलेली, आई तिकडे एकटी, अण्णांना जाऊन जेमतेम वर्ष झालेलं. माझ्यापुरतं कारण योग्य होतं. लिफाफा फ्रिजवर ठेवून दिला. अस्मिता रोज बघायची, रोज विचारायची, "टाकायचा ना?" मी म्हणायचो, "मला कायदा शिकवू नकोस."

२० सप्टेंबरला तू आलास. फ्रिजवरचा लिफाफा बघितलास, बोटांवर तारखा मोजल्यास. ओरडलास, "दादा, रीझनेबल कॉज म्हणजे अमावास्या नाही!"

क्लेम गेला असता तर नोकरी जाणार होती, नोकरीवर व्हिसा, व्हिसावर आम्ही तिघं. तू स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्यास आणि बसून प्रतिज्ञापत्र लिहिलंस. अर्जदाराला इंग्रजी वाचता येत नाही. पत्राचा अर्थ त्याला भावाने वीस तारखेला वाचून दाखवल्यावरच कळला. दुसऱ्या दिवशी आपण ते घेऊन एका जे.पी.कडे गेलो. म्हातारा, थरथरत्या हाताचा. त्याने मला विचारलं, ह्यात काय लिहिलंय ते तुला समजलं का? मी तुझ्याकडे बघितलं. तू मराठीत विचारलंस. मी मराठीत हो म्हणालो.

आणि सही केली. इंग्रजीत.

मुदत वाढवून मिळाली. पुढची सगळी केस मला मुक्याने बसावं लागलं, माझी पानं तुझ्या नावावर गेली, ती त्यामुळे. तू चोरली नाहीस. मीच दिली. हे मी सोळा वर्षांत पहिल्यांदा लिहितोय आणि लिहिताना तुझ्यावरचा राग तसूभर कमी झालेला नाही. खोटं आपण दोघांनी केलं, ते मला वाचवायला केलं. त्याचा तू कायदा करायला निघालास, हे एकट्याने.

उद्यापासून पंधरवडा.

अजित

*

टूवूंबा
सोमवार, १५ सप्टेंबर

यतिन,

काल तू समोर बसून बोललास ते मी आज लिहून ठेवतो. उद्या तू म्हणशील, असं बोललोच नाही.

ब्रिस्बेनला उतरून भाड्याच्या गाडीने आलास. कोट मागच्या सीटवर. अस्मिताने शेवभाजी केली होती, तू दोनदा वाढून घेतलीस आणि म्हणालास, "वहिनी, कॅसल हिलमध्ये असलं काही मिळत नाही." मग मला म्हणालास, "दादा, पुढच्या भाषणात तुझं नाव घेत नाही. 'एक नातेवाईक' म्हणतो. खूश?"

"विधेयक?"

"विधेयक चांगलं आहे. तू माझ्याकडे येणारी माणसं बघितलेली नाहीस. एजंट त्यांच्याकडून कोऱ्या कागदावर सह्या घेतात. त्यांना कोणीतरी हवा."

"हवा असेल तर द्या. हवाच, असं म्हणू नका. मी माझी केस लिहिली होती."

"लिहिली होतीस! आणि फ्रिजवर ठेवली होतीस! वकील असता तर अकरा तारखेच्या आत गेली असती!"

हे तू बरोबर बोललास. मी ताटातला पापड मोडत बसलो. एवढं मान्य करून पुढे लिहितो.

मग मी म्हणालो, समितीला मी सगळं लिहून देणार, प्रतिज्ञापत्राच्या प्रतीसकट. तेव्हा तू खुर्ची मागे सारलीस. "ते लिहिलं कोणी होतं, ठाऊक आहे ना? वकील होऊन वर्ष झालं होतं मला. माझं प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट जाईल. सीट जाईल. विहानला शाळेत काय सांगू?"

"सांग, काकाला इंग्रजी येत होतं."

"सही तू केलीस, दादा! मी हात धरून करायला लावली होती?"

"नाही."

"तुझं जे.पी.पद जाईल. कदाचित केस होईल तुझ्यावर."

"होऊ दे."

"कशासाठी? सोळा वर्षं झाली. कोणाचं काय बिघडलं?"

अस्मिता ताटं उचलत होती. ती म्हणाली, "भावजी, बिघडलं ते ह्यांचं. तुम्ही भाषण केलंत त्या आठवड्यात टेबलावरची एक बाई ह्यांना म्हणाली, 'अजित, मला कळलंच नाही की तुला वाचता येत नाही. मग तू आमच्या सह्या कशा करतोस?' गमतीने म्हणाली. हे घरी येऊन जेवले नाहीत." आणि मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही काही साधू नाही. कागद दोघांनी मिळून खोटा केलाय, आता भांडताय मात्र असं की एकाचाच आहे."

तू कोट घातलास. दारात म्हणालास, "आई असती तर तुला हे करू दिलं नसतं."

खरं आहे. आई असती तर म्हणाली असती, पंधरवडा जाऊ दे. तेच ऐकून आपण इथवर आलो.

तुला शुक्रवारी दुपारी बारापर्यंत वेळ आहे. आधी तू सांगितलंस तर माझ्या कागदात मी लिहीन की माझ्या भावाने स्वतः सांगितलं. वकिलाला ह्याचा काय उपयोग होतो, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. धाकटा म्हणून एवढं देतो. ह्यापेक्षा जास्त नाही.

अजित

*

टूवूंबा
शुक्रवार, १९ सप्टेंबर

यतिन,

आज त्रयोदशी. अण्णांची तिथी. सकाळी अस्मिताने पान वाढलं, आमसुलाच्या चटणीसकट. मागच्या अंगणात ठेवलं. इथे कावळे कमी, मॅगपाय फार. एक आला आणि मान वाकडी करून आधी वडाच उचलून घेऊन गेला. अस्मिता म्हणाली, "अण्णांना घाई आहे."

मी साडेदहाला शॉपिंग सेंटरमध्ये गेलो. बाहेर सगळीकडे फुलांच्या उत्सवाची गर्दी, गाडी लावायला जागा नाही, वीस मिनिटं फिरलो. जे.पी.ला स्वतःच्या कागदावर स्वतः साक्षीची सही करता येत नाही, म्हणून टेबलावर ग्लेनिस होती तिच्यासमोर बसलो. नऊ वर्षं आम्ही शनिवारी शेजारी शेजारी बसतो. तिला वाटलं, मी तिच्यासाठी कॉफी आणली.

कागद अकरा पानांचा आहे. ठरवून केला नाही, तेवढाच झाला. पहिलं वाक्य: माझं नाव अजित रामराव खैरनार, मला इंग्रजी वाचता-लिहिता येतं आणि २००९ सालीही येत होतं. मग फ्रिज, लिफाफा, पंधरवडा, प्रतिज्ञापत्र. माझी सही माझी म्हणून लिहिली आहे. मसुदा तुझा, हेही लिहिलं आहे. तू मला वाचवायला तो केलास, हे त्याच्या पुढच्याच वाक्यात आहे, कारण ते खरं आहे आणि मला अर्धं खरं लिहिता येत नाही. शेवटच्या पानावर लिहिलं की वकील असता तर माझा अर्ज मुदतीत गेला असता. तरीही गार्डच्या भोकातला रंग वकिलाला दिसला नसता. समितीने दोन्हींचा विचार करावा.

पावणेबाराला फोन बघितला. तुझं काही नव्हतं. बाराला पुन्हा बघितला. मग बारा-पाचला. तू वेळेला नेहमी उशीर करतोस, लहानपणापासून, म्हणून पाच मिनिटं जास्त दिली. दहाही दिली असती, पण मागे रांग होती.

ग्लेनिसने कागद पुढे ओढला. वरची ओळ तिने वाचली असणार, कारण तिने हातातलं पेन खाली ठेवलं. नियम म्हणजे नियम. नऊ वर्षांच्या ओळखीचा माणूस असला तरी विचारावं लागतं. तिने चष्मा वर केला आणि मी हजारदा दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न मला विचारला: "अजित, ह्यात काय लिहिलंय ते तुला समजलंय ना?"

ह्या वेळी मी कोणाकडे बघितलं नाही.

"मीच लिहिलंय," म्हणालो. इंग्रजीत.

तिने शिक्का मारला. लायब्ररीत जाऊन मी तो बारा-बावन्नला पाठवला. पोच आली आहे. प्रत सोबत जोडतो, आणि माझ्या जे.पी.पदाच्या राजीनाम्याचीही. तुझ्या नावापुढे अजून आमदार लिहिलंय तोवर हे पाकीट पोहोचेल.

वरची ओळ ह्याही वेळी कोरी आहे. अनुष्काला सांग, हे पत्र मतदारसंघाबाहेरचं असलं तरी उघडून तुला दे.

दादा